मलिक अंबर

वाशीमहून पश्चिमेकडे मेहकर, सिंदखेडराजा, जालना ही गावे मागे टाकीत गेले म्हणजे छत्रपती संभाजीनगर लागते. चारशे वर्षांपूर्वी या जागी खडकी नावाचे एक लहानसे खेडे होते. इ. स. १६१० मध्ये ज्याने त्या खेड्याचे नगर करावयास घेतले, तो या मातीत जन्मला नव्हता. तो समुद्रापलीकडून, आफ्रिका खंडातून आला होता. आणि तोही आपल्या इच्छेने नव्हे, तर दुसऱ्याने विकत घेतलेली वस्तू म्हणून.

इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपिया देशात त्याचा जन्म झाला. त्या देशातील लोकांस आपल्याकडे हबशी म्हणत. मुलाचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. एकाने दुसऱ्यास विकावे, दुसऱ्याने तिसऱ्यास विकावे, असे होत होत तो बगदादला पोहोचला. गुलामास स्वतःचे नावसुद्धा उरत नसे. धनी लोक रत्नांची नाही तर सुगंधी द्रव्यांची नावे गुलामांस देत. त्याप्रमाणे बगदादच्या मीर कासीम नावाच्या धन्याने चापूचा अंबर केला. मात्र या धन्याने त्यास लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविला, आणि ती विद्या पुढे कोणासही विकता आली नाही!

तेथून अंबर अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्यास विकत घेणारा पेशवा चंगीझखान हा स्वतः हबशी असून एके काळी गुलामच होता. चंगीझखान मरण पावल्यावर त्याच्या पत्नीने अंबरास मुक्त केले. तो स्वतंत्र झाला खरा. परंतु ना घर, ना जहागीर, ना कोणी नातलग! पुढची सुमारे वीस वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत शिपाईगिरी करण्यात घालविली. ‘मलिक’ ही पदवी त्यास तेथेच मिळाली.

इकडे दिल्लीच्या मोगलांची दृष्टी दक्षिणेकडे वळली होती. चांदबिबीला १५९६ मध्ये तहात वऱ्हाड सोडून द्यावे लागले आणि आपले वाशीमही मोगलांच्या अमलाखाली गेले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, चांदबिबी मारली गेली व बालसुलतान कैद झाला. निजामशाही संपली, असेच जो तो समजला. अंबर तसे समजला नाही. त्या घराण्यातील मुर्तजा नावाच्या पुरुषास त्याने परांड्यास गादीवर बसविले, आपली कन्या त्यास दिली आणि राज्याचा भार आपल्या शिरावर घेतला. सुलतान नावाचा, कारभारी अंबर, अशी स्थिती पुढे सव्वीस वर्षे होती.

मोगलांची फौज अफाट. तिच्याबरोबर हत्ती, तोफा, तंबू आणि मोठा बाजार चाले. समोरासमोरच्या लढाईत आपला टिकाव लागणार नाही, हे अंबर पुरते ओळखून होता. १६०२ मध्ये नांदेडजवळ तो जखमी होऊन पडला असता त्याच्या माणसांनी त्यास उचलून नेले, म्हणून वाचला. त्याने हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार हाताशी धरले. शत्रूची रसद तोडावी, वैरण जाळावी, रात्री छापा घालावा आणि उजाडण्यापूर्वी डोंगरात दिसेनासे व्हावे, ही त्यांची रीत. मोगल सेनापती एकामागून एक आले आणि थकून परत गेले.

दैव नेहमीच अनुकूल नव्हते. सिंदखेडचे लखुजी जाधवराव आदी सरदार मोगलांस मिळाले, आणि १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबराचा पराभव झाला. मोगलांनी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. त्याच सुमारास बादशहा जहांगीराच्या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात अंबराचे तोडलेले मस्तक भाल्यावर लावलेले असून बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. चित्रातच काय ती हौस फिटली!

अंबराने पुन्हा सैन्य उभे केले. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. तो अहमदनगरजवळ भातवडीस तळ देऊन होता. तेथील तलावाचा बांध त्याने फोडला. वाटा चिखलाने भरल्या, शत्रूचे घोडे व तोफा रुतल्या, दाणागोटा तुटला. उपाशी, खचलेल्या त्या सैन्यावर अंबराने झडप घातली व त्याची दाणादाण उडविली. या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे अंबराच्या बाजूने लढले; त्यांचे बंधू शरीफजी रणांगणावर पडले.

मुलांनो, तलवारीपेक्षाही त्याचे दुसरे काम मला मोठे वाटते. त्या काळी सारा वसूल करण्याचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार रयतेस पिळून काढी. अंबराने मक्त्याची ही पद्धत बंद केली, जमिनीची प्रत पाहिली, पिकाचा अंदाज घेतला आणि त्यावरून सारा ठरविला. हा ‘मलिकंबरी धारा’ त्याच्यामागेही लोकांच्या स्मरणात राहिला. खडकीसाठी त्याने जमिनीखालून नहर खोदविली. डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या बळावर नगरात आले. मोट नाही, रहाट नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अंबर गुलामगिरीतून वर आला, पण ती मोडण्यास तो उठला नाही. त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. ते काम फार पुढे, १७९१ मध्ये, सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी आरंभिले. त्यांचा पुढारी तूसाँ लूव्हेर्त्यूर हाही गुलाम म्हणूनच जन्मला होता. तो १८०३ मध्ये फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावला. पुढल्याच वर्षी त्याचा देश हैती या नावाने स्वतंत्र झाला.

मलिक अंबर १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन वारला. मोगलांच्या दरबारातील इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याचा पराक्रम व न्याय यांची वाखाणणी केली. खुलदाबादेस त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला, आणि १६३६ मध्ये निजामशाही लयास गेली.