वसईचा व्यापारी : संत गोन्सालो गार्सिया



तरुण मुले आमच्याकडे येतात ती बहुधा एकच गाऱ्हाणे घेऊन. नोकरीत जीव रमत नाही, रोजचे तेच ते नकोसे झाले आहे, एकदा भरपूर पैसा हाती आला की यातून सुटलो. अशांना आम्ही वसईच्या गोन्सालोची गोष्ट सांगतो.

गोन्सालोचा जन्म १५५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईवर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता (तो आपल्या पुण्याच्या चिमाजी अप्पांनी १७३९ साली संपवला). येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे तो शिकला आणि मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने उत्तम आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे तो धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. तो मिळाला नाही. भारतीय रक्ताच्या मुलांना संघात घेऊ नये, असे मत त्या काळी वरिष्ठांमध्ये बळावत होते. आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत म्हणून हे वाक्य सौम्य करणार नाही. तोंडावर दार बंद झाले की पंचविशीतल्या पोराला काय वाटते, हे आमच्या तरुणांना आमच्याहून अधिक कळते.

गोन्सालो मिशन सोडून व्यापारात पडला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, पूर्वेकडची बंदरे रेशीम आणि चांदीच्या उलाढालीने गजबजली होती. धंद्यात त्याचा जम बसला, तो सधन झाला. आजवर दुसऱ्यांच्या हुकमात वावरलेला मुलगा आता स्वतःचा मालक होता. चरित्रकार ही वर्षे दोन ओळींत उरकतात, जणू संताला ती शोभत नाहीत. आम्हांला मात्र तीच मोलाची वाटतात. त्याचे दिवाळे निघाले नव्हते. हवे ते मिळाले होते, आणि तरी जुनी ओढ शिल्लक होती. साधन आणि साध्य यांतला भेद आम्ही सेमिनरीत पुस्तकातून पाठ केला. गोन्सालो तो हिशेबाच्या वहीपुढे बसून शिकला असावा.

मनिला येथे त्याचा फ्रान्सिस्कन व्रतस्थांशी संबंध आला. व्यापार सोडून तो त्यांच्या संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. गुरुदीक्षा नाही, मानमरातब नाही. कमरेला दोरी आणि पडेल ते काम.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हा बंधू गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. क्योतोत त्यांनी चर्च उभारले, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि परदेशी मिशनऱ्यांविषयीचा संशय भडकला. डिसेंबरात अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून कैद्यांची धिंड काढली गेली, मग ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे महिनाभराच्या प्रवासाने नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत कोवळी मुलेही होती. बंधू गोन्सालो चाळिशीचे होते.

पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाचे जुने चर्च आहे. ते आता संत गोन्सालो गार्सिया यांच्याच नावाने ओळखले जाते.