हिस्लॉप साहेब आणि मोहरीएवढे शिंपले

शाळा सुटल्यावर आपल्यातले कितीतरी जण नागपूरला शिकायला गेले आणि त्यातले काही हिस्लॉप कॉलेजात. हे नाव आपल्या तोंडात इतके रुळले आहे की ते एका माणसाचे नाव आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बर्डी तशी हिस्लॉप, अशी ती एक जागाच होऊन बसली. मी पुढे आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, तेव्हा स्मरणिकेसाठी काही लिहा असा निरोप आल्यावर याच माणसाबद्दल लिहायचे ठरवले. स्टीफन हिस्लॉप यांना लोक मिशनरी म्हणून ओळखतात, शाळा काढणारे म्हणून ओळखतात, फार तर गोंडांच्या कथा जमवणारे म्हणून. माझी त्यांची ओळख निराळ्याच वाटेने झाली. दोन शिंपल्यांत बंद राहणारा, मोहरीच्या दाण्याएवढा पाण्यातला एक जीव तिला कारण झाला.

हिस्लॉप मूळचे स्कॉटलंडचे. ८ सप्टेंबर १८१७ रोजी डन्स या गावी त्यांचा जन्म झाला. एडिंबरो आणि ग्लासगो येथे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली, तेव्हा ते फ्री चर्चच्या बाजूला गेले आणि त्याच चर्चतर्फे १८४४ च्या अखेरीस पत्नीसह मुंबईला उतरले. १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, कामठीला इंग्रजी छावणी होती, आणि आपला यवतमाळ प्रदेश वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या मुलखात होता. हिस्लॉप मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. त्यांच्या नावाचे कॉलेज मात्र त्यांनी काढलेले नाही. ते १८८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सुरू झाले.

त्यांना येऊन मिळालेले सहकारी रॉबर्ट हंटर. (हेच हंटर पुढे मायदेशी परतून एका मोठ्या इंग्रजी ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादक झाले.) दोघांनाही दगडांचे वेड. शाळा, प्रवचने आणि प्रवास यांतून वेळ काढून ते नागपूरच्या आसपासची टेकाडे पालथी घालीत. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना जीवाश्म सापडले आणि तिथून हे वेड गंभीर झाले.

टाकळीला काय होते ते आपल्या भागातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. आपली काळी कसदार जमीन ज्या काळ्या दगडाची झीज होऊन बनली, तो बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा. हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, थंड झाला, मध्ये बराच काळ गेला. त्या काळात खोलगट जागी पाणी साचले, तळी झाली, शेवाळ आले, गोगलगायी, मासे आणि किडे आले. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने सगळे झाकून टाकले. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा पातळ पट्टा राहिला, कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर. सीताबर्डीच्या टेकडीतच असा पट्टा आहे. हिस्लॉप आणि हंटर यांनी तो नुसता पाहिला नाही, फोडून पाहिला. त्यात शंख निघाले, फळे आणि बिया निघाल्या, किड्यांचे पंख निघाले. आणि भिंग लावल्यावर दिसतील असे दोन पाखांचे बारीक शिंपले निघाले.

हे शिंपले गोगलगायीच्या किंवा कालवांच्या कुळातले नाहीत. त्यांच्या आत राहणारा जीव झिंगा आणि खेकडा यांच्या नात्यातला, म्हणजे कवचधारी वर्गातला. शास्त्रात त्याला ऑस्ट्रॅकॉड म्हणतात. त्या काळी गोड्या पाण्यातल्या बहुतेक सगळ्यांना सायप्रिस याच नावाखाली घालीत. पावसाळ्यात डबक्यातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरा, ठिपक्यासारखे काही गिरक्या घेत पळताना दिसेल. त्यात बहुधा एखादा ऑस्ट्रॅकॉड असतोच.

याआधी आपल्याच बाजूला असे शिंपले सापडले होते. पैनगंगेच्या पलीकडे, निर्मळच्या बाजूला सिचेल डोंगर आहेत. तिथून माल्कमसन नावाच्या मद्रासच्या लष्करी डॉक्टरने असेच जीवाश्म गोळा करून विलायतेला नेले. सोवर्बी यांनी १८४० मध्ये त्यांतल्या दोन शिंपल्यांना नावे दिली. लांबट नळीसारख्याला सायप्रिस सिलिंड्रिका आणि गोलसर फुगीरला सायप्रिस सबग्लोबोसा. म्हणजे हिस्लॉप यांच्या हाती नागपूरचे शिंपले आले तेव्हा समोर दोन तयार नावे होती. लांबट दिसला तर हा, गोल दिसला तर तो, असे करून मोकळे होणे अगदी सोपे होते.

तसे करून का भागत नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या माणसाचे मोल तिथेच कळते.

जिवंत ऑस्ट्रॅकॉडची जात ठरवायची तर त्याला शिंपल्यातून बाहेर काढावे लागते. सुईच्या टोकाने, सूक्ष्मदर्शकाखाली. मग एकेक अवयव सुटा करायचा: दोन जोड्या शृंगिका, चावण्याचे अवयव, पायांच्या जोड्या, आणि मागच्या टोकाला दुभंगलेल्या काट्यांची जोडी. कुठल्या पायाला किती सांधे, कुठल्या सांध्यावर किती केस, शेवटचा काटा नखासारखा वाकलेला की सरळ, हे मोजायचे. नर असेल तर त्याच्या जननेंद्रियाचा आकार पाहायचा; जवळच्या दोन जाती कित्येकदा त्यावरूनच वेगळ्या करता येतात. पण बऱ्याच जातींत नर मिळतच नाहीत, माद्या नराशिवाय अंडी घालतात. मग पुन्हा पाय आणि केस.

दगडातल्या ऑस्ट्रॅकॉडचे यातले जवळजवळ काहीच उरत नाही. पाय गेले, केस गेले, राहिला तो चुन्याचा शिंपला. त्यावर वाचता येण्यासारख्या खुणा थोड्या. दोन पाखे बिजागरीला कशी जुळतात, कोणती पाख कोणतीवर चढते, कडेच्या आत चुन्याचा पट्टा किती रुंद आहे. आणि पाखेच्या आतल्या बाजूला मध्यावर, शिंपला मिटणारे स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथले बारीक ठसे. या ठशांची मांडणी कुळाकुळांत वेगळी असते. जीव जाऊन कोट्यवधी वर्षे झाली तरी स्नायूची जागा शाबूत, हे मला अजूनही नवलाचे वाटते. मात्र दगडाला घट्ट चिकटलेल्या शिंपल्याची फक्त बाहेरची बाजू दिसते. ठसे आत असतात, आणि मग उरतो नुसता आकार.

आकार तर फसवाच. हा जीव वाढताना आठ वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पाखा टाकून नव्या धारण करतो. म्हणजे एकाच प्राण्याच्या मागे, तो म्हातारा होऊन मेला तर, लहान ते मोठे असे नऊ जोड शिंपले राहू शकतात. पिल्लाचा शिंपला मोठ्याची हुबेहूब छोटी प्रत नसतो, त्याची ठेवणही थोडी वेगळी असते. घाई करणारा त्यांतून तीन-चार जाती सहज काढील. उलट आकारात साम्य असलेल्या दोन खऱ्या जाती एका नावात कोंबणेही तितकेच सहज.

हिस्लॉप यांनी काय केले? शंखांचा त्यांचा अभ्यास पक्का होता, म्हणून १८६० च्या लेखात शंखांची वर्णने त्यांनी स्वतः केली. युनिओ माल्कमसोनी, पॅल्युडिना नॉर्मॅलिस अशी त्यांनी ठेवलेली नावे आजही या विषयावरच्या लिखाणात भेटतात. किड्यांचे पंख मात्र अँड्र्यू मरे यांच्याकडे दिले आणि ऑस्ट्रॅकॉड दिले टी. रूपर्ट जोन्स यांच्याकडे. हे जोन्स मूळचे डॉक्टर. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेत सहायक सचिव होते आणि इंग्लंडमधल्या अशा जीवाश्मांवर त्यांचे मोठे ग्रंथ तोवर निघाले होते. या बारीक शिंपल्यांचा त्यांच्याइतका सराव असलेला माणूस त्या वेळी शोधून सापडला नसता. त्यांचे टिपण हिस्लॉप यांच्या लेखाला जोडूनच छापले गेले. त्यात नव्या जाती आल्या, त्यातली एक स्ट्रँग्युलाटा, मधोमध चिमटा घेतल्यासारखी.

मला इथे हिस्लॉप फार आवडतात. नागपुरात बसलेल्या, स्वतः हिंडून खडक फोडलेल्या माणसाला सगळ्यांना स्वतःच नावे देऊन टाकायचा मोह होणे स्वाभाविक होते. आमच्या क्षेत्रात हा मोह न आवरलेली माणसे मी पुष्कळ पाहिली.

दुसरी गोष्ट मांगलीची. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर, वर्धेच्या खोऱ्यात, मांगली गावाजवळ तांबूस-पिवळा वाळूचा दगड निघतो. हा लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथून या जोडीला बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या एका मोठ्या प्राण्याची चपटी कवटी मिळाली. सर रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. त्याच दगडात नखाहून लहान अंडाकृती शिंपले होते, त्यांना त्या वेळी एस्थेरिया म्हणत. हेसुद्धा गोड्या पाण्यातले कवचधारीच, पण ऑस्ट्रॅकॉडहून वेगळे. हे कात टाकतात तेव्हा शिंपला टाकत नाहीत, त्यालाच नवी कड जोडतात. म्हणून शिंपल्यावर झाडाच्या खोडातल्यासारखी वलये दिसतात. दोन वलयांमधल्या जागेतली बारीक जाळी किंवा ठिपके हीच जातीची ओळख. जोन्स यांनी १८६२ मध्ये जीवाश्म एस्थेरियांवर संपूर्ण ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या वर्धाकाठची एस्थेरिया मांगालिएन्सिस आली. (एस्थेरिया हे नाव आधीच एका माशीला दिलेले निघाले, म्हणून पुढे ते बदलावे लागले. नावांच्या दुनियेत हे नेहमीचेच.)

ज्या चर्चसाठी ते आयुष्य झिजवीत होते त्याच्या कामात मात्र त्यांनी कसूर केल्याचे दिसत नाही. शाळा चालू होती, खेड्यांतून फिरणे चालू होते. त्यांच्या नावाचे एक खनिज आहे, हिस्लॉपाइट, हिरव्या झाकेचे. मुंबईच्या कार्टर यांनी १८५८ मध्ये गोड्या पाण्यात दगडांवर आणि शंखांवर पातळ जाळीसारख्या पसरणाऱ्या एका प्राण्याला हिस्लॉपिया लॅकस्ट्रिस म्हटले. तो अजून आपल्याकडच्या पाण्यात आहे.

१८६३ च्या सप्टेंबरात नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे शिळावर्तुळे उकरून पाहण्यासाठी ते सर रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर गेले होते. ४ तारखेला संध्याकाळी घोड्यावरून एकटेच परतत असता बोरीजवळचा नाला पावसाने फुगलेला होता. घोडा मुक्कामावर आला, वर स्वार नव्हता. ते बुडाले होते. सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस बाकी होते. सप्टेंबरातला नाला म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. गुडघाभर पाणी तासाभरात डोक्यावर जाते.

त्यांनी गोंडांविषयी जमवलेले कागद टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. केळापूर, झरी-जामणी भागातल्या आपल्या गोंड मित्रांना ठाऊक असलेली लिंगोची कथा त्यात आहे. शिंपल्यांच्या बाबतीत त्यांना आणखी काय करायचे होते, हे मात्र त्यांच्याबरोबर गेले.

शिंपल्यांचे पुढे काय झाले? हिस्लॉप यांनी त्या गाळाला तृतीय युगातला मानले होते, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचा. हा वाद जवळजवळ शंभर वर्षांहून अधिक चालला. बिरबल साहनींसारखे मोठे शास्त्रज्ञही वनस्पतींच्या आधारावर त्याच मताचे होते. आता नागपूरकडचा बराच गाळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोरांच्या शेवटच्या काळातला मानतात, आणि हे ठरवण्यात त्याच ऑस्ट्रॅकॉडांची साक्ष पुन्हा काढली गेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाखा आतून-बाहेरून पाहिल्या गेल्या आणि सायप्रिसच्या एका पोतडीत घातलेली मंडळी वेगवेगळ्या घरी गेली. सिलिंड्रिका आता मंगोलियानेला, स्ट्रँग्युलाटा आता गोम्फोसिथेरी, आणि गोलसर सबग्लोबोसा आता पॅरासायप्रेटा.

या शेवटच्या नावाची गंमत अजून संपलेली नाही. सोवर्बीने हे नाव दगडातल्या शिंपल्याला दिले होते. पुढे कुणीतरी आशियातल्या तळ्यांत पोहणारा एक गोलसर जिवंत ऑस्ट्रॅकॉड पाहिला, बाहेरून तसाच दिसतो म्हणून त्यालाही तेच नाव लावले, आणि ते चिकटले. भारतातल्या तळ्यांच्या आणि भातखाचरांच्या प्राणियाद्यांत सायप्रिस सबग्लोबोसा, सोवर्बी, १८४० असे आजही छापले जाते. सोवर्बीने तो प्राणी जिवंत कधी पाहिला नव्हता, त्याचे पाय मोजायचा तर प्रश्नच नव्हता. गोलाईवरून दिलेले एक नाव साडेसहा कोटी वर्षांचे अंतर ओलांडून दोन वेगळ्या प्राण्यांवर बसले आहे. त्यातला जिवंत प्राणी पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गावच्या तळ्यातही सापडेल. साधे दहापटीचे भिंग पुरते. जात ठरवायची असेल तर मात्र सुई लागेल.