ग्रेगोर मेंडेल : वाटाण्याचे दाणे मोजणारा मठवासी

आजीचे डोळे नातीत उतरले म्हणजे घरात कौतुक होते. परंतु आजोबांचा आजार नातवात उतरला म्हणजे मन खिन्न होते, व पुष्कळ जण त्यास शाप समजतात. हे उतरणे कोणत्या नियमाने घडते हे ज्याने प्रथम दाखविले, त्या पुरुषाची ओळख आम्ही आज वाचकांस करून देत आहो.

योहान मेंडेल यांचा जन्म इ. स. १८२२ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील हाइन्त्सेनडोर्फ नामक खेड्यात झाला. हे खेडे सांप्रत चेक प्रजासत्ताकात मोडते. बाप शेतकरी; स्वतःचे शेत सांभाळून त्यास आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराकडे वेठीस जावे लागे. १८३८ साली ओंडका अंगावर पडून बापास कायमची दुखापत झाली, आणि मुलास घरून पैसे येणे कठीण झाले. तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नाकरिता ठेवलेल्या पैशातील काही भाग भावाच्या शिक्षणास दिला. मेंडेल हा उपकार विसरले नाहीत. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यांनी मदत केली.

१८४३ साली ते ब्रुन शहरातील ऑगस्टिनी मठात दाखल झाले, व तेथे त्यांस ग्रेगोर हे नाव मिळाले. तो मठ रोमन मंडळीचा. तथापि खरे श्रम कोणाचेही असोत, त्यांस मान देणे योग्य होय. पाळकाचे काम करिताना आजारी माणसांचे दुःख पाहून त्यांची स्वतःचीच प्रकृती बिघडे. म्हणून मठाधिपतींनी त्यांस शाळेत शिकविण्यास पाठविले. शिक्षकाच्या परीक्षेत ते १८५० साली उतरले नाहीत. व्हिएन्नाच्या विद्यापीठात दोन वर्षे शिकून आल्यावर १८५६ साली पुन्हा बसले, तेव्हाही यश आले नाही. ज्यास परीक्षकांनी नापास केले, त्याच पुरुषाने त्याच वर्षी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग आरंभिले.

त्यांची रीत आमच्या शेतकरी वाचकांस सहज समजेल. गोल दाण्याचे एक वाण व सुरकुतलेल्या दाण्याचे दुसरे वाण त्यांनी घेतले. एकाच्या फुलातील केसर उमलण्यापूर्वीच काढून टाकून दुसऱ्याचा पराग त्यावर लाविला, व दुसरा पराग येऊ नये म्हणून फुलावर पिशवी बांधिली. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. परंतु तेच दाणे पेरल्यावर दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल व १,८५० सुरकुतलेले आले, म्हणजे सुमारे तिनास एक. ह्यावरून त्यांनी ताडले की, प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक बापाकडून व एक आईकडून. आणि एखादा अंश एका पिढीत दडून राहिला तरी नष्ट होत नाही. ह्या अंशांस आज जनुक म्हणतात. १८६३ पर्यंत सुमारे २८,००० झाडे त्यांनी तपासली.

१८६५ साली त्यांनी हा निष्कर्ष ब्रुन येथील विद्वानांच्या सभेत वाचला व पुढील वर्षी छापला. पण त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले, आणि पुढील पुष्कळ काळ सरकारशी कराच्या वादात गेला. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. सोळा वर्षांनी, १९०० साली, द फ्रीस, कोरेन्स व चेर्माक ह्या तिघांनी तोच नियम पुन्हा शोधून काढला, तेव्हा कोठे मेंडेल यांचे नाव जगास कळले.

परंतु त्या ज्ञानाचा दुरुपयोगही झाला. वाटाण्यांप्रमाणे माणसांचीही निवड करावी, असे काही लोक म्हणू लागले. जर्मनीत १९३३ साली तसा कायदा झाला, व सुमारे चार लक्ष स्त्रीपुरुषांस बळजबरीने संततीस मुकविण्यात आले. अमेरिकेतील अनेक संस्थानांतही असे कायदे होते. मेंडेल यांनी दाणे मोजले होते. माणसाची किंमत ठरविली नव्हती.

आज शास्त्रज्ञ जनुक बदलूही शकतात. नंदुरबार व गडचिरोलीकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा रोग मेंडेल यांच्याच नियमाने उतरतो. आईबाप दोघेही निरोगी दिसत असून दोघांत तो अंश दडलेला असला, तर प्रत्येक मुलास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. हा कोणाचा शाप नव्हे, सुनेचा दोषही नव्हे. लग्नापूर्वी रक्त तपासल्यास हे कळते. २०२३ साली इंग्लंड व अमेरिका येथे ह्या रोगावर एका नव्या उपचारास परवानगी मिळाली. रोग्याच्याच रक्त निर्माण करणाऱ्या पेशी काढून, त्यांतील जनुकात फेरफार करून, त्या परत देतात. हा बदल त्याच्या संततीत जात नाही. मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर ठेविली गेली. गरिबाने ती कोठून आणावी?

ह्याहून निराळे कृत्य चीन देशात घडले. तेथील एका शास्त्रज्ञाने गर्भ धरण्यापूर्वीच जनुक बदलून जुळ्या मुली जन्मास आणविल्याचे २०१८ साली जाहीर केले. त्या मुलींस कोणता रोग नव्हता. आणि असा बदल पुढील पिढ्यांतही उतरू शकतो. त्यास तीन वर्षांची कैद झाली.

ह्या दोहोंतील भेद आम्ही ध्यानात ठेवावा. दुःखी माणसास त्याच्या संमतीने बरे करणे ही सेवा होय. परंतु ज्यास विचारता येत नाही, त्याच्या व त्याच्या नातवंडांच्या देहात आपल्या पसंतीचा फेरफार करणे म्हणजे बियाण्याची निवड माणसावर लादणे होय. शेतकरी सुरकुतलेला दाणा बाजूस काढतो. पण सुरकुतलेले मूल आईने कधी बाजूस काढले आहे काय? देवानेही काढलेले नाही. आजारी लेकरू घेऊन कोणी उपासनेस आले, तर उपदेशक बंधूंनी त्याच्या आईबापांस प्रथम हेच सांगावे, आणि मग त्यांस दवाखान्याची वाट दाखवावी.