निराधारांची माउली : पंडिता रमाबाई

मनुष्यास दारिद्र्य सोसते, दुखणेही सोसते; परंतु आपले म्हणावे असे कोणी नाही, ही जाणीव सोसणे फार कठीण. ही जाणीव ज्यांच्या वाट्यास पुनःपुन्हा आली आणि तरीही ज्यांनी शेकडो निराधारांस आपलेसे केले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी मनन करण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष पत्करून ते रानात राहिले होते. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. स्थिर घर नसल्याने शेजार नव्हता, सोबतिणी नव्हत्या. आई हीच गुरू आणि तीच मैत्रीण. दुष्काळात अन्नान्नदशा होऊन आईबाप व थोरली बहीण निवर्तली. उरलेल्या श्रीनिवास या भावासह शेकडो कोस पायी चालून रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. परंतु १८८० मध्ये तो भाऊही वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेही फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने गेले. वयाची चोविशी पुरी झाली नव्हती, आणि पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

येथे कोणीही खचले असते. रमाबाई मात्र पुण्यास आल्या आणि १८८२ मध्येच त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापून घराघरांत एकट्या पडलेल्या स्त्रियांस एकत्र आणिले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने मायदेशींचे अनेक स्नेही दुरावले. पुढे अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी हिंदी विधवांची स्थिती सांगितली, व १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ मंडळ उभे राहिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले; पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई ही बालविधवा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादामुळे सल्लागार मंडळींनी संबंध तोडला व पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. जोडलेली माणसे अशी तुटली, तरी रमाबाईंनी दार लावून घेतले नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांस आपलेच पोरके दिवस आठवले असतील. त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे नुसती भाकरी मिळत नसे. विणकाम, छपाई, शेती अशी कामे हाती येत. मोठीने धाकटीस सांभाळावे, अशी रीत होती. मनोरमाबाईंनी अंध मुलींसही वाचावयास शिकविले. ज्या मुलीस कोणी नव्हते, तिला तेथे बहिणी मिळाल्या. आणि कोणास तरी तिची गरजही लागू लागली. एकाकीपणावर याहून चांगले औषध कोणते?

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. म्हातारपणी हा घाव सोसून, मराठी बायबलाचे भाषांतर तडीस नेऊन, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. रक्ताचे कोणी उरले नव्हते, तरी त्यांच्यामागे रडणाऱ्या लेकी असंख्य होत्या.

मुलांनो, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून एखादा मुलगा प्रथमच वसतिगृहात येतो. त्याची बोली निराळी. पंक्तीस तो शेवटी बसतो, रात्री पांघरुणात तोंड लपवितो. त्याने आपण होऊन बोलावे अशी वाट पाहू नका. त्याचे नाव विचारा, त्याच्या बोलीतील दोन शब्द शिका, ताटाशेजारी जागा द्या. पालकांनीही सुटीत असा एक सोबती घरी बोलवावा. रमाबाईंचे स्मरण करण्याची याहून सोपी रीत नाही.