काशीचे श्रीप्रकाश : कारागृहातून राजदूतपदाकडे

दि. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा मुंबईच्या राजभवनात पहिले राज्यपाल म्हणून जे वयोवृद्ध गृहस्थ होते, त्यांचे नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण सर्वांना आठवतात. परंतु काशीहून आलेले राज्यपाल श्रीप्रकाश मात्र विस्मृतीत गेले आहेत. ज्या सत्तेने त्यांना तुरुंगात टाकले, ती गेल्यानंतर स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून परदेशी जाण्याचा मान त्यांना लाभला. मिळालेल्या अधिकाराचे त्यांनी काय केले, हे पाहणे आपणांस उद्बोधक ठरेल.

श्रीप्रकाश यांचा जन्म ३ ऑगस्ट १८९० रोजी वाराणसी येथे झाला. त्यांचे वडील डॉ. भगवानदास हे थोर तत्त्वचिंतक होते. १९५५ साली त्यांना 'भारतरत्न' हा सन्मान लाभला. १८९८ साली डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन केले, त्या कार्यात भगवानदास त्यांचे निकटचे सहकारी होते. याच संस्थेत श्रीप्रकाश यांचे शिक्षण झाले व पुढे ते केंब्रिज विद्यापीठात गेले. घरात संस्कृत विद्या, शाळेत बेझंटबाईंचा सहवास आणि विलायतेत इंग्रजी शिक्षण असा त्रिवेणी संस्कार त्यांच्यावर घडला. बेझंटबाईंविषयीचा आदर त्यांनी जन्मभर जपला व त्यांच्यावर ग्रंथही लिहिला.

स्वदेशी परतल्यावर सुखाचे जीवन त्यांना सहज मिळाले असते. परंतु त्यांनी असहकाराचा मार्ग धरला. १९२० साली शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत 'आज' हे हिंदी दैनिक सुरू केले. त्याच्या आरंभीच्या संपादनात श्रीप्रकाश यांचा वाटा होता. याच पत्राला पुढे बाबूराव विष्णु पराडकर या काशीस्थ मराठी संपादकाने कीर्ती मिळवून दिली, ही गोष्ट मराठी वाचकास अभिमानाची वाटेल. १९२१ साली काशी विद्यापीठ ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था निघाली, तिच्याशीही ते निगडित होते. सत्याग्रहात त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. १९३४ च्या निवडणुकीत ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले आणि पुढे घटना समितीचेही सदस्य झाले. पोलिसांच्या पहाऱ्यात राहिलेला मनुष्य अशा रीतीने देशाचे कायदे घडविणाऱ्यांच्या पंक्तीत बसला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ मात्र स्वातंत्र्याबरोबरच आला. ऑगस्ट १९४७ मध्ये भारताचे पाकिस्तानातील पहिले उच्चायुक्त म्हणून ते कराचीस गेले. या शहराशी आपलाही संबंध होता. तेथील नारायण जगन्नाथ हायस्कूल एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालत असे, आणि गोव्याहून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्तीही तेथे मोठी होती. फाळणीनंतर या शहराचे रूप पालटले. ६ जानेवारी १९४८ रोजी भीषण दंगल झाली. गुरुद्वारात आश्रयाला आलेल्या शिखांवर हल्ला होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर हिंदू कुटुंबे हजारोंच्या संख्येने घरदार सोडून जहाजाने मुंबईस निघाली. पुढे कल्याणजवळच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले, ते याच निर्वासितांचे. उच्चायुक्तांजवळ ना फौज होती ना पोलीस. विनंती, पत्रव्यवहार आणि चिकाटी हीच त्यांची साधने होती.

याच वेळी एक निराळाच प्रश्न पुढे आला. कराचीतील सफाई कामगारांनाही भारतात यावयाचे होते. पण अत्यावश्यक सेवेचे कारण दाखवून त्यांना अडविण्यात येत होते. डिसेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानातील अनुसूचित जातींच्या या अडवणुकीकडे लक्ष वेधले होते. श्रीप्रकाश यांनी हा विषय पंतप्रधान लियाकत अली खान यांच्यापुढे काढला. हे लोक गेले तर कराचीचे रस्ते व शौचकूप कोण साफ करील, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. धनिकाला जाऊ द्यावे, आणि झाडूवाल्याला मात्र तो उपयोगाचा आहे म्हणून अडकवून ठेवावे, असा हा न्याय! या उत्तरातली वेदना श्रीप्रकाश विसरले नाहीत; पाकिस्तानच्या जन्मकाळावरील आपल्या ग्रंथात त्यांनी ती नोंदवून ठेवली. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांचे पूर्वज याच कष्टकरी समाजांतून आलेले आहेत. म्हणून ही हकीकत आपल्याला परकी वाटू नये.

पुढे १९४९ मध्ये ते आसामचे राज्यपाल झाले, नंतर काही काळ केंद्रीय मंत्री होते, आणि मार्च १९५२ मध्ये मद्रासचे राज्यपाल म्हणून गेले. येथे त्यांच्या हातून एक वादग्रस्त निर्णय घडला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागाच मिळाल्या होत्या. विरोधी आघाडीचा दावा बाजूस ठेवून श्रीप्रकाश यांनी राजगोपालाचारी यांना विधान परिषदेवर नामनियुक्त केले व मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. राजाजींची योग्यता वादातीत होती. परंतु ते निवडून आलेले नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अर्ज फेटाळला गेला. तथापि, स्वतः मतपेटीतून वर आलेल्या नेत्याने मतदारांचा कौल असा वळवावा काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला. सज्जन मनुष्याचाही तोल अधिकारपदावर जाऊ शकतो, हे चरित्रकाराने झाकू नये.

डिसेंबर १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन भरात होते व हुतात्म्यांचे रक्त ताजे होते. द्विभाषिक राज्याचा शेवट आणि महाराष्ट्राचा उदय त्यांनी राजभवनातून पाहिला. याच काळात केंद्र सरकारने १९५९ मध्ये धार्मिक व नैतिक शिक्षणाविषयी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. विद्यार्थ्यांना सर्व धर्मांतील थोर पुरुषांची चरित्रे सांगावीत आणि शाळेच्या दिवसाचा आरंभ काही क्षणांच्या मौनचिंतनाने व्हावा, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. शाळा चालविणाऱ्या आपल्या संस्थांनी तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे.

एप्रिल १९६२ मध्ये ते पदमुक्त झाले व २३ जून १९७१ रोजी निवर्तले. पदे आली आणि गेली. कराचीच्या त्या झाडूवाल्यांचा प्रश्न मात्र संपला नाही. आजही त्या शहराची घाण उपसणाऱ्यांत ख्रिस्ती व हिंदू बांधवांचाच भरणा आहे, आणि आपल्या नगरांतील गटारांत कोण उतरतो, हेही आपण जाणतो. श्रीप्रकाश यांना त्या सर्वांना सोडविता आले नाही. पण सत्ताधाऱ्यांच्या दिवाणखान्यात बसलेले असताना त्यांनी त्यांची आठवण ठेवली. ज्यांची आठवण कोणी काढीत नाही, त्यांच्यासाठी शब्द टाकण्याची संधी आपल्यालाही मिळते. त्या वेळी आपण काय करतो?