सावित्रीमाईंनी पाठीवर घेतलेलं लेकरू

बारावी सायन्स झालेली मुलगी नर्सिंगला जायचं म्हणाली की बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या आपल्या मोहल्ल्यांत आजही कुजबुज होते. रात्रपाळी, परक्या पुरुषांना हात लावणं, मग स्थळ कसं येणार? अशा घरांनी सावित्रीबाई फुले यांचं आयुष्य एकदा नीट वाचावं.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. शाळेपायी सासरचं घर सोडावं लागलं, तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. फातिमा शेख त्यांच्यासोबत शिकवू लागल्या. इथवर आपल्याला ठाऊक असतं. त्यांच्या रुग्णसेवेबद्दल मात्र कमी बोललं जातं.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. समाजाने तोंड फिरवलेल्या गरोदर विधवा तिथे गुपचूप येत. त्यांचं बाळंतपण, बाळाचं संगोपन सावित्रीबाई पाहत, आणि झाकली मूठ झाकलीच ठेवत. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. गोरे सोल्जर तपासणीसाठी थेट घरात शिरत. बायकांच्या अब्रूच्या धास्तीने लोक रुग्ण लपवू लागले. यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि ६६ वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

सुई टोचणं, बीपी बघणं कॉलेजात शिकवतात. पण ज्याला कुणी शिवत नाही त्याला हात लावणं, आणि रुग्णाची लाज आपली समजून झाकणं, हे मनातून यावं लागतं. आपल्याकडे ही शिकवण नवी नाही. मदीनेत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमी सहाबांची शुश्रूषा होत असे.

आपल्या आया-बहिणींना दवाखान्यात समजून घेणारी, पडद्याची कदर करणारी सिस्टर हवी असं आपण म्हणतो. मग ती कुणाच्या घरातून येणार? मुलगी विचारतेय, तर तिला जाऊ द्या.