काचपेटीतले शेजारी

विश्रांतवाडीत घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटली, की पहिली अडचण पाण्याचीच येते. मुंबईचा किनारा सुमारे दीडशे किलोमीटर दूर आणि घरच्या नळाला गोडे पाणी. तयार समुद्री मीठ आणून ही अडचण सुटते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दुकानात निळे, पिवळे, नारिंगी मासे समोर फिरत असताना कोणता मासा कोणाबरोबर जगेल, हे ठरवायचे कसे? समुद्रापासून दूर समुद्री जीव कसे जगवावेत, याचा चिकाटीने अभ्यास करून ते ज्ञान सामान्य घरांपर्यंत नेणारे निसर्ग अभ्यासक म्हणजे इंग्लंडचे फिलिप हेन्री गॉस. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला, तो त्यांच्याच पुस्तकामुळे.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे काढत. घरात पैसा बेताचाच. पूल या बंदराच्या गावी फिलिप यांचे बालपण गेले. तेथे त्यांच्या एका आत्याने त्यांना समुद्रफुले दाखवली. फुलासारखे दिसणारे, पण मुळात प्राणी असलेले हे जीव भांड्यात समुद्राचे पाणी घेऊन पाळता येतील, हेही तिनेच सुचवले. शाळा लवकर सुटली आणि मुलगा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, कारकुनाच्याच नोकरीसाठी तो अटलांटिकपलीकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर पोचला.

तेथे १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती लागले आणि कीटक गोळा करण्याचा नाद जडला. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अमेरिकेतील अलाबामात काही महिने शिक्षकी केली. १८३९ मध्ये ते जवळपास रिकाम्या हातांनी इंग्लंडला परतले. मात्र वह्यांमध्ये नोंदी आणि चित्रे भरपूर होती. त्यांतूनच पुस्तके निघाली. १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोज यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला.

याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनतज्ज्ञ एक साधा प्रयोग करत होते. त्यांनी पाण्याच्या भांड्यात गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पती ऑक्सिजन देतील आणि मासे जगतील, हा हिशेब होता. पण वनस्पतींची पाने कुजू लागली आणि पाणी खराब झाले. मग त्यांनी गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि भांड्याचा कारभार सुरळीत चालू लागला. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. टाकीतल्या प्रत्येक जीवाला काही काम असते, ही समज त्यातून आली.

१८५२ मध्ये अतिकामामुळे गॉस यांची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी ते कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतली डबकी न्याहाळायची, मिळालेले जीव काचेच्या भांड्यांत ठेवायचे आणि त्यांचे वागणे टिपायचे, असा त्यांचा दिवस जाऊ लागला. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. जगातील हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी अनेक समुद्री जीव गॉस यांनी गोळा करून दिले होते. १८५४ मध्ये त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले आणि घरोघरी समुद्र पाळण्याची लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाल्याने काच स्वस्तही झाली होती.

किनाऱ्यावरून पाणी वाहून आणणे मात्र सर्वांना परवडणारे नव्हते. गॉस यांनी समुद्राच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण पाहून चार क्षार निवडले : साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. ते गोड्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळून त्यांनी कृत्रिम समुद्र तयार केला. त्यात लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी शेवाळ असलेले दगड ठेवले आणि काही दिवस वाट पाहिली. मगच जीव सोडले.

आज पुण्यातल्या टाकीतही हाच क्रम पाळावा लागतो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. खास समुद्री मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने, क्लोरीन काढलेल्या पाण्यात मिसळतात. मग महिना-दीड महिना मासे न सोडता टाकी चालवतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वाढायला वेळ लागतो. अमोनिया सोडल्यावर तो झपाट्याने नाहीसा होतो आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येतात, तेव्हा टाकी तयार झाली असे समजावे. गॉस यांना जिवाणूंचे हे काम माहीत नव्हते. सबुरीची गरज मात्र त्यांनी अनुभवातून ओळखली होती.

१८५५ मध्ये त्यांनी घरगुती सागरी मत्स्यालयावर छोटी मार्गदर्शिका लिहिली. खडकावर शेजारी दिसणारे दोन जीव काचपेटीतही शेजारी राहतील, असे नसते. समुद्रात दुबळ्याला पळून जायला जागा असते, टाकीत नसते. म्हणून आज पहिल्या टाकीसाठी मासा निवडताना त्याच्या रंगाआधी चार गोष्टी विचाराव्यात. तो खातो काय? पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? जागेवर हक्क सांगतो का? आणि त्याच्यासारखाच दुसरा मासा त्याला चालतो का?

उदाहरणे दुकानातच दिसतात. लायनफिश देखणा असतो, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो. शिवाय त्याचे काटे विषारी असतात. मँडरिन मासा कमालीचा रंगीत असला, तरी तो मुख्यतः सूक्ष्म जिवंत कवचधारी जीवांवर जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि तो हळूहळू उपाशी मरतो. सिनेमातल्या डोरीमुळे लहान मुले मागतात तो निळा टँग फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला मोठी जागा लागते. डॅमसेल स्वस्त आणि चिवट असतात, पण एकदा कोपरा बळकावला, की नव्या माशांना जगू देत नाहीत. शंभर-दीडशे लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, एखादा गोबी आणि एखादा कार्डिनल एवढे कुटुंब पुरते. शांत मासे आधी, हक्क गाजवणारे शेवटी आणि दोघांमध्ये काही आठवड्यांचे अंतर, हा क्रम भांडणे कमी करतो. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवला, तर रोग आत येण्याचा धोकाही कमी होतो.

गॉस यांच्या टाकीत वैराइतकीच मैत्रीही दिसली. एक शंखवासी खेकडा पाठीवरच्या शंखाला चिकटलेले समुद्रफूल घेऊन फिरे. खेकडा वाढला, शंख अपुरा पडला आणि त्याने मोठ्या शंखात बस्तान हलवले. तेव्हा जुन्या शंखावरचे समुद्रफूल त्याने नांग्यांनी सोडवून नव्या शंखावर आणले. हे दृश्य गॉस यांनी बारकाईने नोंदवले. क्लाउनफिश आणि समुद्रफूल यांचे नातेही असेच आहे. पण टाकीत क्लाउनफिश समुद्रफुलाशिवाय मजेत राहतो. समुद्रफुलाला मात्र तीव्र प्रकाश आणि स्थिरावलेली टाकी लागते. त्यामुळे नवशिक्याने ते पहिल्या वर्षी आणू नये.

१८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढचे वर्ष मात्र कठीण गेले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली यांचे स्तनांच्या कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बायबलमधील सृष्टीची कथा आणि भूशास्त्र यांचा मेळ घालणारे पुस्तक लिहिले. ते ना शास्त्रज्ञांना पटले, ना धार्मिकांना. मुलाला घेऊन ते टॉर्कीजवळ किनाऱ्यावर राहायला गेले आणि ब्रिटनमधील समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ १८६० पर्यंत पूर्ण केला. त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला.

त्यांच्या पुस्तकांनी लोकांना किनाऱ्याकडे वळवले आणि त्याची किंमत किनाऱ्याने मोजली. हौशी मंडळी आणि विक्रेते खडक उपसू लागले. घरी नेलेले बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मरत आणि मग लोक पुन्हा नवे आणत. वडिलांचे बोट धरून त्या डबक्यांत फिरलेल्या एडमंड यांनी १९०७ च्या आत्मकथनात तो उजाड झालेला किनारा आणि त्याने वडिलांना झालेले दुःख नोंदवले. गॉस २३ ऑगस्ट १८८८ रोजी वारले. तोवर टाक्यांची लाट केव्हाच ओसरली होती.

हा धोका आजही संपलेला नाही. दुकानात येणारे अनेक सागरी मासे प्रवाळ बेटांवरून पकडून आणलेले असतात. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. क्लाउनफिशची पैदास मात्र भारतातील संशोधन संस्थांना साधली आहे. अशा केंद्रांत जन्मलेला मासा टाकीच्या पाण्यातच वाढलेला असतो, तयार खाद्य खातो आणि अधिक टिकतो. म्हणून विश्रांतवाडीतल्या पहिल्या टाकीसाठी मासा घेताना दुकानदाराला पाचवा प्रश्नही जरूर विचारावा. हा समुद्रातून पकडलेला आहे, की टाकीत जन्मलेला? आणि पैसे देण्याआधी तो समोर खाद्य खातो का, हे पाहून घ्यावे.